पांढरा प्लग

वरची वाडी, धसईमार्गे, ता. मुरबाड
११ नोव्हेंबर २०२४

शेखरदादा,

भाऊबीजेला तू आला नाहीस. त्यानंतर मी कितीदा फोन केला, दर वेळी शकूवहिनीच उचलते आणि तू एकतर शेतावर असतोस नाहीतर आंघोळीला. एवढी आंघोळ माणूस करत नाय. राग असेल तर राग पोस्टाने कळव. आमच्या घरात रेंज नाय. टेकाडावर चढून फोन करायचा आणि तुझ्या आंघोळीचं ऐकून खाली यायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

काम असं आहे. प्रियांकाला मुरबाडला नर्सिंगला जागा मिळाली. सकाळी मी तिला माझ्या स्कूटीवरून धसईला सोडते, तिथून एसटी. संध्याकाळी आणायला परत मीच. उतरताना काय अडचण नाय, पण येताना खिंडीचा चढ आहे तो तुला ठाऊक आहे. दोघी बसलो की अर्ध्यात गाडीचा जीव जातो. मग पोरगी उतरून चालते आणि मी पुढे जाऊन वळणावर वाट बघते. आत्ता उजेडाचं चालतंय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून तिची वॉर्डातली ड्युटी लागते. मग ती शेवटच्या एसटीने येणार, म्हणजे खिंडीत अंधार. तिथे बिबट्या फिरतो हे आता गुराखीच नाय, मास्तरसुद्धा सांगतात.

प्रियांकाचे बाबा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, सुट्टीला येतात आणि हुकूम सोडून जातात. ते म्हणाले, हॉस्टेलात जागा नाय तर पोरीने वर्षभर थांबावं. मी म्हटलं, पोरगी पण थांबणार नाय आणि गाडी पण थांबणार नाय. मी मोठ्या सिलिंडरचं किट मागवलंय, मोबाइलवरून, धसईच्या दुकानाच्या पत्त्यावर. खोकं आलं. आता तू ये आणि बसव. तुझं गॅरेज दोन दिवस बंद राहिलं तर शेणव्याचं जग थांबत नाय.

तुझी,
देवकी

*

शेणवा, ता. शहापूर
१८ नोव्हेंबर २०२४

देवकी,

राग नाही. भाऊबीजेला यायला हवं होतं, आलो नाही, त्याचं काही सांगत बसत नाही. सध्या भाताची झोडणी चालू आहे आणि पाठ धरली आहे, तेव्हा येणं जमणार नाही.

पण किट बसवायला मीच पाहिजे असं कुठे आहे? लहानपणी काकांचं भात भरडायचं इंजिन तू एकटीने सोडलं होतंस आणि जोडलंही होतंस. एक वॉशर उरला होता, पण इंजिन चालत होतं. तुझी टू-स्ट्रोक गाडी त्या इंजिनाहून सोपी. तिच्यात व्हॉल्व्ह नाहीत, चेन नाही. एक ब्लॉक, म्हणजे तू ज्याला सिलिंडर म्हणतेस तो, त्यात वरखाली होणारा एक पिस्टन आणि वर झाकणासारखं हेड. तू मागवलेल्या किटात ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही मोठे आहेत, म्हणून जोर जास्त येईल. तूच बसव. कसं ते मी लिहून पाठवतो. आधी खोक्यात काय काय आलं ते बघून कळव.

फोन नको. हात ग्रीसने भरलेले असताना फोन धरता येत नाही, कागद भिंतीला डकवता येतो.

इंजिन बदललं की आरटीओत विचारून नोंद करून घ्यावी लागते. ते काम राघोभावजींकडे दे, सुट्टीच्या दिवशी हुकूम सोडण्यापेक्षा बरं.

शेखर

*

वरची वाडी
२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

पत्र प्रियांकाला वाचून दाखवलं. वॉशरचं ऐकून ती हसत सुटली. आता तिला वाटतं तिची आई जन्मापासून मेकॅनिक आहे.

खोकं उघडलं. ब्लॉक आहे, आतून आरशासारखा चकचकीत, बाहेरून पंखे पंखे. पिस्टन माझ्या मुठीएवढा, त्याच्या डोक्यावर बाण कोरलेला. दोन बारीक रिंगा, एक पिन, पिनेचे दोन वाकडे तारेचे लॉक, कागदाचं पॅकिंग आणि एक पत्र्याचं. सूचनांचा कागद आहे, पण तो चिनी भाषेत, चित्रं तेवढी कळली. चित्रात माणसाने हातमोजे घातलेत. मी घालणार नाय.

एक विचारू? धसईच्या बाजारात भेंडी विकायला गेले तेव्हा शेणव्याचा एक जण भेटला. तो म्हणाला, शेखरशेठचं गॅरेज गणपतीपासून बंदच आहे. मी त्याला सांगितलं, तू दुसऱ्या कुणाचं बघितलं असशील, माझा भाऊ तापाने फणफणला तरी शटर उघडतो. बरोबर सांगितलं ना?

आणि प्रियांकाच्या बाबांना मी सांगितलंय की तू येऊन बसवणार आहेस. मग त्यांनी थांबायचं नाव काढलं नाय. तुझ्या नावाचा एवढा उपयोग करून घेतला, रागावू नको.

आता लवकर लिही.

देवकी

*

शेणवा
१ डिसेंबर २०२४

देवकी,

पिस्टनावर बाण आहे ना, मग किट बनवणाऱ्याला काम कळतं. आता हे पत्र भिंतीला डकव आणि पुढे वाच.

सकाळी गाडी थंड असताना बस. खाली जुनी गोणी नको, धूळ झडते. धुतलेलं पातळ अंथर. वरचं कव्हर, सायलेन्सर आणि कार्बोरेटर सोडव. प्लग काढ. हेडचे नट तिरपे तिरपे सैल कर, आधी हा, मग समोरचा, एकदम एकच सोडवू नकोस. हेड निघालं की जुना ब्लॉक हलवत हलवत वर ओढ. पिस्टन मोकळा झाला की खालच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंब. पिनेचा लॉक चिमट्यातून उडतो, आणि तो आत पडला तर पूर्ण इंजिन उघडावं लागतं. मेकॅनिक किती शिकला आहे हे मी त्याच्या फडक्यावरून ओळखतो.

नवा पिस्टन बसवताना बाण सायलेन्सरच्या बाजूला. पिनेला ऑइल लाव. लॉक खाचेत बसला की नखाने फिरवून बघ, टक्कन बसलेला असला पाहिजे. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या बारीक खिळ्यांवर आली पाहिजेत. आता फडकं काढ, खालचं पॅकिंग ठेव, ब्लॉकमध्ये ऑइल फिरव आणि बोटांनी रिंगा दाबून ब्लॉक खाली सरकव. इथे जोर लावायचा नाही. अडलं तर रिंग बाहेर आली आहे असं समज आणि परत वर घे. भाकरी तव्यावर टाकताना हात जसा हलका ठेवतेस तसा. हेडचे नट परत तिरपे, थोडे थोडे करत आवळ.

आधी काही दिवस पेट्रोलात ऑइल नेहमीपेक्षा थोडं जास्त मिसळ. गाडी सपाटीवर एकटी चालव, अर्ध्या मुठीच्या वर जाऊ नको. मग गरम गाडी बंद करून प्लग काढ आणि त्याच्या टोकाचा रंग मला कळव. फक्त रंग कळव, अर्थ मी लावीन. माझं उत्तर येईपर्यंत खिंड चढायची नाही, आणि मागे कुणाला घ्यायचं नाही.

गॅरेजचं विचारलंस. झोडणी आहे म्हणून बंद आहे.

शेखर

*

वरची वाडी
१५ डिसेंबर २०२४

दादा,

गाडी चालू झाली.

पहिल्यांदा नाय, सातव्या किकला, पण झाली. प्रियांका फडकं धरून उभी होती. लॉक एकदा उडाला तो त्या फडक्यावरच पडला, तेव्हा तुझ्या नावाने हात जोडले. ब्लॉक सरकवताना रिंग दोनदा बाहेर आली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि बोटांनीच बघितलं, तेव्हा बसला. शेजारची रंभा सकाळपासून ओटीवर बसून होती, गाडी मोडताना बघायला. गाडी चालू झाली तशी ती म्हणाली, आता माझा मिक्सर बघ.

तू फोन नको म्हणालास, पण मला राहवलं नाय. गाडी टेकाडावर नेली, जिथे रेंज येते तिथे उभी केली आणि तुला फोन लावला. वहिनीला म्हटलं, दादाच्या कानाला लाव, बोलू नकोस, फक्त ऐकव. मग मोबाइल सायलेन्सरजवळ धरला आणि मूठ पिळली. वहिनी म्हणाली, ते ऐकतायत. तू कायच बोलला नाहीस. तुझी सवय मला ठाऊक आहे, खोड असली की तू लगेच बोलतोस. गप्प राहिलास म्हणजे आवाज पसंत आहे.

प्लग काढून बघितला. काळजीच मिटली. जुन्या प्लगवर कायम काळं किटण असायचं. हा पांढराशुभ्र आहे, दुकानातून आणल्यासारखा, अगदी दुधाचे दात. सपाटीवर अशी पळते की मला पदर खोचावा लागतो. खिंड एकदा एकटीने चढून बघितली, तुझं न ऐकता. चढली. वर पोचल्यावर इंजिन फार तापलं होतं, पण नवीन आहे, तापणारच.

तेवीस तारखेच्या सोमवारपासून प्रियांकाची ड्युटी. त्या संध्याकाळी तिला मागे बसवून खिंड चढवणार. प्रियांकाचे बाबा पण त्या दिवशी सुट्टी घेऊन घरी येणार आहेत, बघायला. तुझं उत्तर तोवर आलं तर चांगलं, नाय आलं तरी प्लग पांढरा आहे.

तुझी मेकॅनिक बहीण,
देवकी

*

वरची वाडी
२६ डिसेंबर २०२४

दादा,

तू काल गेलास आणि आज लिहायला बसले. दोन दिवस तू इथे होतास, पण प्रियांकाच्या वहीवर मी किती लिहिणार आणि तू किती वाचणार. तू बोलत होतास, मी लिहीत होते, आणि जे सांगायचं होतं ते तसंच राहिलं. सोमवारी मी काय बघितलं ते तुला कुणीतरी सांगायला पाहिजे.

शेवटची एसटी आली, प्रियांका उतरली, मागे बसली. आमी धसई सोडली. खिंडीच्या पायथ्याला मोरीजवळ कुणीतरी रस्त्याच्या मधोमध उभं होतं, आमच्याकडे पाठ करून, वर चढाकडे बघत. खांद्याला पिशवी. मी हॉर्न दिला. माणूस हलला नाय. दिवा त्याच्या पाठीवर पडला होता, मी परत हॉर्न दिला, लांब. मला वाटलं दारू पिऊन उभा आहे. प्रियांका मागून ओरडली, आई, ब्रेक मार. गाडी तुझ्यापासून हातभर लांब थांबली. तेव्हा कुठे तुला दिव्यात स्वतःची सावली दिसली असेल, तू वळलास, आणि मी बघितलं तर तू.

दादा, लहानपणी तू घरात जेवत असताना रस्त्यावरून कुणाची गाडी गेली ते न बघता सांगायचास. त्या माणसाला माझा हॉर्न ऐकू आला नाय. मला त्या क्षणी सगळं कळलं. भाऊबीज, आंघोळ, बंद शटर, आणि टेकाडावरून मी ऐकवलेला आवाज. तुझ्या गप्प राहण्याचा मी केवढा चांगला अर्थ लावला होता.

मी रडायला लागले. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. सरळ वाकून चावी बंद केलीस, इंजिनावर तळहात ठेवलास, झटकन काढलास आणि म्हणालास, “गाडी इथेच थंड होऊ दे. मग आपण तिघं ढकलत वर नेऊ.”

एवढंच. कधी ऐकू येईनासं झालं, कसं झालं, कायच नाय. अंधारात आमी गाडी ढकलत खिंड चढलो. वर प्रियांकाचे बाबा कंदील घेऊन उभे. दोघीजणी बसून येतील म्हणून बघायला आलेला माणूस, त्याने तिघांना ढकलत येताना बघितलं. मला वाटलं आता हॉस्टेलचं पुराण सुरू होणार. तू त्यांना म्हणालास, “भावजी, हिने किट उत्तम बसवलंय. काम अपुरं राहिलं ते माझं होतं.” मग ते पण ढकलायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू हेड काढलंस आणि मला पिस्टन दाखवलास. सायलेन्सरच्या बाजूला उभ्या ओरखड्यांची रांग. मोठा ब्लॉक हवा जास्त ओढतो आणि पेट्रोल देणारं पितळेचं भोक, तो जेट, जुनाच लहान. पेट्रोल कमी, म्हणजे त्यातलं ऑइल पण कमी, म्हणून इंजिन आतून भाजतं. पांढरा प्लग म्हणजे स्वच्छ नाय, भाजलेला. दोघींच्या वजनाने गाडी चढाच्या मधोमध जाम झाली असती आणि मागे आली असती, दरीच्या बाजूला. हे तू किती शांतपणे सांगितलंस. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाय.

पण मला खरं सांगायचंय ते यानंतरचं. तू ओरखडे बारीक पॉलिश पेपरने घासलेस, पिशवीतून कागदात बांधलेले जेट काढलेस, एक लावलास. गाडी चालू केलीस, एक हात ब्लॉकजवळच्या कव्हरवर ठेवलास, पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ हनुवटीला लावलीस आणि डोळे मिटलेस. मग मान हलवलीस, नाय. दुसरा जेट लावलास. परत डोळे मिटलेस. आणि तुझं तोंड एकदम सैल पडलं, दादा, वहीवर मी लिहिलेलं कायच वाचून ते तसं सैल पडलं नव्हतं. तू प्लग काढून मला दिलास. शेंगदाण्याच्या सालीचा रंग.

मी तोवर कान नाय तर मेकॅनिक नाय असंच समजत होते. तू पण तेच समजून शटर पाडलंस. आपण दोघं चुकलो. तू कानाने नाय, सगळ्या अंगाने ऐकतोस. हे मी बघितलं, प्रियांकाने बघितलं, तिच्या बाबांनी बघितलं. ते तर काल रात्री जेवताना म्हणाले की कसाऱ्याला त्यांच्या बरोबरच्या दोघांच्या मोटरसायकली आहेत, शेणव्याला पाठवू का.

मी हो सांगितलंय. तुझ्या नावाचा परत उपयोग केला.

आणि हो, काल तू एसटीत बसलास त्याच संध्याकाळी खिंड चढलो, मी आणि प्रियांका. कुठेही न थांबता. वरच्या वळणावर मी मूठ थोडी सैल केली, तरी ती ओढतच होती.

देवकी

*

शेणवा
६ जानेवारी २०२५

देवकी,

तुझं पत्र शकूने आधी वाचलं आणि मग माझ्या हातात दिलं. दिवसभर ती माझ्याशी नीट वागत होती, त्यावरून मला वाटलं तू तिच्याबद्दल काहीतरी चांगलं लिहिलं आहेस. वाचलं तेव्हा कळलं की तसं काही नाही.

तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. श्रावणात ताप आला. उतरला, आणि कान घेऊन गेला. पहिल्यांदा वाटलं दडे बसलेत. शहापूरच्या डॉक्टरांनी ठाण्याला पाठवलं, तिथे सांगितलं की नस गेली, मशीन लावून फार उपयोग नाही. गणपती आले, गेले. आरतीला मी सगळ्यांची तोंडं बघून टाळ्या वाजवल्या. एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं, म्हणालं, आवाज येतोय बघा. मी इंजिनावर वाकलो, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला सांगितलं की पार्ट मिळत नाही. त्याच दुपारी शटर पाडलं. शकूला बजावलं, कुणाला सांगायचं नाही. लोक हळहळायला लागले की माणूस लवकर म्हातारा होतो.

तू सायलेन्सरजवळ फोन धरलास तेव्हा मी तो खरोखर कानाला लावून उभा होतो. शकू माझ्याकडे बघत होती. मी तिला मानेने सांगितलं, छान आहे. मला वाटलं यात कुणाचं काय बिघडतंय. मग तुझं पत्र आलं. ते शनिवारी यायचं ते सोमवारी दुपारी आलं. दुधाचे दात हे शब्द वाचले आणि मी पत्र तिथेच टाकून उठलो. शकूने तुला फोन लावला, लागला नाही. धसईच्या दुकानाचा नंबर आमच्याकडे नाही. मी जेटची डबी पिशवीत टाकली आणि निघालो. शकू दारात आडवी आली, एकटे कसे जाल म्हणून. श्रावणानंतर मी एकट्याने नाका ओलांडला नव्हता.

शहापूरला कंडक्टरने काय विचारलं ते कळलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, “मला ऐकू येत नाही, मुरबाडचं एक द्या.” सगळी एसटी वळून बघायला लागली. त्याने तिकीट फाडलं. मुरबाडला दुसऱ्या एका माणसाने दंडाला धरून धसईची गाडी दाखवली. इतकंच होतं, देवकी. ज्याला मी चार महिने भीत होतो ते एका वाक्यात उरकलं.

धसईला पोचलो तेव्हा एसटीच्या गर्दीत तू कुठे सापडणार, म्हणून पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. खिंडीच्या आधी तुला अडवायचं एवढंच डोक्यात होतं. पाठ करून उभा होतो हे माझं चुकलं. तुझे डोळे आणि ब्रेक दोन्ही चांगले म्हणून हे पत्र लिहितो आहे.

भावजींनी पाठवलेल्या दोन मोटरसायकली गुरुवारी आल्या. मी शटर उघडलं तेव्हा आत उंदरांनी सीटचा फोम काढून घर केलं होतं. ते आवरण्यात सकाळ गेली. पहिल्या गाडीचा मालक बोलायला लागला, बराच वेळ बोलला, हातवारे करून आवाज कुठून येतो ते सांगत होता. त्याला मध्येच थांबवणं मला बरं वाटेना. त्याचं बोलणं संपल्यावर मी त्याला सांगितलं की मी ठार बहिरा आहे. तो बिचारा शरमला. त्याची गाडी मी तळहाताने बघितली, टायमिंगची चेन सैल होती, दुपारपर्यंत दिली. तो फेरी मारून आला आणि त्याने अंगठा वर केला. तोंडाने पण काहीतरी म्हणाला.

दर गिऱ्हाइकाला असं शरमवणं बरोबर नाही. म्हणून काल पेंटरकडून बोर्ड लिहून घेतला आणि शटरच्या वर लावला. नाक्यावरून वाचता येईल एवढी मोठी अक्षरं आहेत:

मला ऐकू येत नाही. सांगू नका, गाडी चालू करा.

शेखर